भरती-ओहोटीच्या वेळा छापता, तशा फवारणीच्याही छापा

मा. संपादक महोदय,
सप्रेम नमस्कार.

पत्र लांबणार आहे हे आधीच सांगतो, कापायचं झालं तर मधलं कापा पण शेवटची मागणी तेवढी ठेवा. मी देवगड तालुक्यात राहतो, पाण्याच्या पंपांच्या मोटरी रिवाइंड करायचं छोटं दुकान आहे, आणि घरात ओटीवर चार फुटी काचेची टाकी आहे, खाऱ्या पाण्याची. म्हणजे त्यात समुद्रातले मासे, कोळंब्या, शंखात राहणारे छोटे खेकडे, काच चाटणाऱ्या गोगलगायी आणि थोडे मऊ कोरल, रीफ टँक म्हणतात त्याला. हे वाचून अर्धे लोक हसणार माहितीये मला. मागच्या दारी समुद्राची गाज ऐकू येते आणि हा शहाणा मुंबईहून वीस किलो मिठाचा बॉक्स मागवून आरओच्या पाण्यात कालवून घरात समुद्र बनवतो. आमच्या आईचा तर हा रोजचा विषय आहे.

पण सुरुवातीला मी कॅन घेऊन समुद्रावरच जायचो हो. आमच्याइथे खाडीचं तोंड जवळ, पावसाळ्यात सगळा गोडा लोंढा तिथेच उतरतो, खारटपणा इतका खाली जातो की जून ते सप्टेंबर ते पाणी टाकीच्या उपयोगाचंच नाही, आणि बाकीचे आठ महिने जेटीकडून डिझेलचा तवंग. टाकीला लिटरमागे साधारण ३५ ग्रॅम क्षार लागतात, रोज, त्यात वरखाली चालत नाही. म्हणून मीठ. आणि दुसरी शंका येणार ती पण आत्ताच फेडतो, मालवणच्या समुद्रातला एक खडासुद्धा मी आणलेला नाही. कडक कोरल, समुद्रपंखे, समुद्रघोडे हे सगळं १९७२ च्या वन्यजीव कायद्याखाली येतं, २००१ मध्ये वाघाच्या यादीत घातलं त्यांना, एक तुकडा घरी आणलात तर वनखात्याची गाडी दारात. माझ्याकडे आहेत ते मशरूम आणि बटन पॉलिप, तेही दुसऱ्याच्या टाकीत वाढलेले, दगडसुद्धा कोरडा विकत घेतलेला.

आता मुद्द्यावर येतो. गेल्या वर्षभरात माझ्या टाकीतली जनावरं तीन वेळा मेली आणि तिन्ही वेळा का मेली ते कळत नव्हतं.

पहिल्यांदा गणपती विसर्जन झालं, मुंबईची पाहुणेमंडळी गेली, आणि त्यानंतरच्या आठवड्यात एका सकाळी बघतो तर क्लीनर श्रिंप, ही लाल पट्ट्याची पांढऱ्या मिशांची कोळंबी असते, माशांच्या अंगावरचे किडे खाते, ती दगडाखाली पडलेली. आधी वाटलं कात टाकली असेल, कारण कोळंबी कात टाकते ती हुबेहूब मेलेल्या कोळंबीसारखीच दिसते, नवीन माणूस हमखास फसतो. पण कात पोकळ असते, आरपार दिसते, ही दुधाळ गुलाबी झालेली. त्याच दिवशी संध्याकाळपर्यंत दुसरी गेली, ती तर माझ्यासमोर गेली, उताणी पडून पाय असे झाडत होती की बघवेना. मासे मात्र मजेत. पाणी तपासलं, अमोनिया शून्य, नायट्राइट शून्य, नायट्रेट १०, क्षार ३५, सगळं जागच्या जागी. आई पाठी उभी, म्हणाली, "मेली काय रे परत तुजी सुंगटां? दीड हजाराचा एक सुंगट, आनि ताटात येवक नाय!" मी काय बोलणार.

दुकानदाराला फोन केला. त्याचं उत्तर ठरलेलं, तुमचं ॲक्लिमेशन चुकलं. म्हणजे पिशवीतल्या पाण्यातून टाकीतल्या पाण्यात सोडताना थेंबथेंब पाणी मिसळत तासभर द्यायला पाहिजे ते दिलं नाही. अरे बाबा, ती कोळंबी चार महिने माझ्याकडे नांदली, तिला आता कसलं ॲक्लिमेशन! पण त्याच्यावर राग धरून तरी काय, तो बसलाय तिकडे लांब, त्याला माझी टाकी काय दिसतेय.

मग मी धंद्याप्रमाणे करंटच्या मागे लागलो. मोटरवाला माणूस, पहिला संशय वायरवर. पाण्यात मीटर घातला तर ३८ व्होल्ट! घामच फुटला. सगळे पंप एकेक करून काढले, इन्सुलेशन मेगर लावून तपासलं, एकही लीक नाही. दोन दिवसांनी डोक्यात प्रकाश पडला की डिजिटल मीटर एवढा नाजूक असतो की नुसत्या पंपाच्या कॉइलशेजारी पाणी असलं तरी प्रेरणेनं असे भुताटकीचे व्होल्ट दाखवतो, त्यात जोर काही नसतो. गिऱ्हाइकांना मी हेच वर्षानुवर्षं सांगत आलोय आणि स्वतःच्या घरात मात्र विसरलो. तरी अर्थिंगची कांडी घातली, ती असावीच.

मग तांबं. खाऱ्या टाकीत माशांना पांढरे ठिपके आले की काही लोक तांब्याचं औषध घालतात, मासा ते सोसतो पण कोळंबी, गोगलगाय, कोरल यांना त्याहून कितीतरी कमी तांबं पुरतं मरायला, आणि एकदा घातलेलं तांबं चुन्याच्या दगडात मुरतं ते महिनोन् महिने सुटत राहतं. मी कधी घातलं नव्हतं, पण सम्प, म्हणजे टाकीखालची फिल्टरची टाकी, सेकंडहँड घेतलेला, आधीच्या मालकानं घातलं असेल तर? मुंबईतल्या एका जुन्या टँकवाल्या मित्राकरवी पाण्याचा नमुना आयसीपी टेस्टला पाठवला, पाण्यातली तीसेक मूलद्रव्यं मोजून देतात. पैसे गेले, रिपोर्ट आला, तांबं सापडलंच नाही, सगळं हिरवं. हिरव्या रिपोर्टचं काय करायचं असतं हो? माणूस मेला आणि रिपोर्ट नॉर्मल, असं आपण दवाखान्यातही ऐकतो ना, तसंच.

मग रात्री लाल बॅटरी घेऊन बसलो, कारण दगडातून लपून आलेली मँटिस श्रिंप नावाची एक मारेकरीण असते, लाल उजेडाला ती कमी बुजते म्हणतात. चार रात्री जागलो. बायको म्हणाली, अहो, एवढं लक्ष पोरांच्या अभ्यासावर दिलं असतं तर. मारेकरीण काही सापडली नाही पण एक गोष्ट बघितली जी पुढे कामाला आली, ती म्हणजे रात्री काचेवर पांढरे टिंबाएवढे किडे असतात, हजारोंनी, टुणटुण उड्या मारत. टाकी ठणठणीत असल्याची ती खूण.

दिवाळीच्या आसपास परत दोन गेल्या. एक पेपरमिंट कोळंबी आणि दुसरी, हिचं मला फार वाईट वाटलं, पिस्तूल कोळंबी. हिची आणि गोबी माशाची जोडी असते. कोळंबीला दिसत जवळजवळ नाही, ती दिवसभर बीळ खणते, वाळू बाहेर ढकलते, आणि गोबी दारात पहारा देतो, कोळंबीची एक मिशी कायम त्याच्या अंगाला टेकलेली असते, त्याने शेपूट हलवलं की दोघं आत. ती गेली आणि बीळ आठवड्याभरात ढासळलं, गोबी त्या ढासळलेल्या खळग्यात बसून होता, अजून तिथेच बसतो. आईसुद्धा त्या दिवशी सुंगटांचं काही बोलली नाही.

मुंबईचा मित्र म्हणाला पीएच बघ. बघितला, सकाळी ७.८, म्हणजे कमीच. पावसाळाभर खिडक्या बंद, घरात सहा माणसं, गॅस चालू, म्हणजे खोलीतल्या हवेत कार्बन डायऑक्साइड साठतो आणि तोच पाण्यात उतरून पीएच पाडतो. खरंय ते. त्यावरचा नेहमीचा इलाज म्हणजे स्किमरचा हवेचा पाईप खिडकीबाहेर काढायचा. स्किमर म्हणजे पाण्यात बारीक हवा घुसळून घाण फेसावर काढणारं यंत्र, ताकातून लोणी काढतात तसं समजा, आणि त्यासाठी ते तासाला काही शे लिटर हवा ओढतं. मी पाच मीटर पाईप आणला, मागच्या खिडकीतून बाहेर काढला, तोंडाला जाळी लावली मुंग्या जाऊ नयेत म्हणून. आठ दिवसांत सकाळचा पीएच ८.१! मी एवढा खूश की दुकानात येणाऱ्या प्रत्येकाला सांगत होतो, बिचारे पंप घ्यायला आलेले.

मागच्या खिडकीबाहेर काय आहे ते मात्र मी लिहिलं नाही अजून. शेजारच्या काकांची हापूसची बाग. साठेक कलमं.

डिसेंबरात गारठा पडला, मोहोर डोकावायला लागला, आणि एका सकाळी, वारा अजिबात पडलेला, काकांचा फवारणीचा पंप सुरू झाला. तो आवाज आमच्याकडे थंडीत कोकिळेसारखा असतो, कुणी लक्षसुद्धा देत नाही, उलट बरं वाटतं की यंदा मोहोर आला. मी दुकानात गेलो. अकरा वाजता बायकोचा फोन, लवकर या, तुमचे खेकडे शंखातून बाहेर पडलेत. आलो तर खरंच, शंखातला खेकडा जिवाच्या आकांताशिवाय कधी शंख सोडत नाही, आणि इथे सहाच्या सहा उघडे पडलेले वाळूत, पाय थरथरत. उरलेल्या दोन कोळंब्या गेलेल्या. दुपारी दोन निळे क्रोमिस मासे वर गटांगळ्या खात होते, संध्याकाळी तेही गेले. दहा जनावरं मी चिमट्याने बाहेर काढली त्या दिवशी. रात्री बॅटरी मारली, काचेवरचे ते हजारो पांढरे किडे, एकही नाही. काच पुसल्यासारखी स्वच्छ. तेव्हा पहिल्यांदा पोटात गोळा आला.

आणि गोगलगायी? त्या सगळ्या काचेवर आरामात चरत होत्या. कोरल जरा मिटलेले, दोन दिवसांत उघडले. क्लाउनफिश जागच्या जागी.

हा प्रश्न मला रात्रभर झोपू देईना. तांबं असतं तर गोगलगाय आधी गेली असती. हवा कमी पडली असती तर मोठे मासे आधी तडफडले असते. रोग असता तर एका जातीला धरतो, कोळंबी आणि खेकडा आणि काचेवरचे किडे एका दुपारी साफ करत नाही. मेलं कोण तर ते दोन क्रोमिस सोडले तर सगळे सांधेवाल्या पायांचे, आणि मऊ अंगाची गोगलगाय शाबूत. सांधेवाल्या पायांचं आणखी कोण असतं? आंब्यावरचा तुडतुडा. कोळंबी आणि तुडतुडा एकाच खानदानातले हो, आणि मोहोरावर पहिल्या एक-दोन फवारण्यांना जी डेल्टामेथ्रीन, लॅम्बडा सायहॅलोथ्रीन वगैरे औषधं वापरतात ती पायरेथ्रॉइड जातीची, किड्याच्या नसेचं दार उघडं ठेवतात, ते बंदच होत नाही, नस सारखी झटके देत राहते, म्हणून ते पाय झाडणं. ही औषधं माणसाला त्यामानाने सोसतात, गोगलगायीला सोसतात, माशाला वाईट आणि कोळंबीला तर लिटरमागे एका मायक्रोग्रॅमच्याही आत पुरे. हिशोब केला, माझ्या दोनशे लिटर पाण्याला मिलिग्रॅमचा पाचवा हिस्सा. मोहरीच्या एका दाण्याचा दहावा भाग म्हणा. आणि मी खिडकीतून पाईप काढून ते तासाला शेकडो लिटर हवेबरोबर आत ओढत होतो, स्वतःच्या हातानं, वर जाळी लावून, मुंग्या जाऊ नयेत म्हणून!

आयसीपीचा रिपोर्ट हिरवा का होता तेही मग कळलं. ती टेस्ट मूलद्रव्यं मोजते, औषधाचा रेणू तिला दिसत नाही. डेल्टामेथ्रीनमध्ये ब्रोमीन असतं म्हणून मी जरा उड्या मारल्या, पण समुद्राच्या पाण्यातच लिटरमागे पासष्टेक मिलिग्रॅम ब्रोमीन असतं, त्यात हे कुठे दिसणार, खाडीत घागर.

मग वही काढली. मला सवय आहे लाईट कधी गेली कधी आली लिहून ठेवायची, धंद्याची सवय, टाकीच्या वहीतही लिहितो. गणपतीनंतरच्या त्या पहिल्या मरणाच्या आदल्या दिवशी माझ्याच अक्षरात होतं, "संध्या. धूर मारला, लाईट ७.१० ला आली." गावात तापाचे पेशंट निघालेले म्हणून धुरळणीचं मशीन आलं होतं. पुढचं दार लावलं, मागचं उघडंच राहिलं असणार. धुरात डिझेल असतं आणि डासाचं औषध, मॅलॅथिऑन किंवा सायफेनोथ्रीन असलं काहीतरी, नेमकं कुठलं मारलं ते मी विचारायला गेलो तर उत्तर आलं, वरून आलं ते मारलं. मी कुणाचं नाव घेत नाही, तो पोरगा पाठीवर मशीन घेऊन स्वतः सगळा धूर खात होता, तोंडाला रुमाल, त्याला काय विचारायचं.

आणि दिवाळीचं मरण? ना धूर ना फवारणी. हे उलगडायला महिना गेला, आणि उत्तर टाकीपासून चार हातावर होतं. दिवाळीच्या आधी डास वाढले म्हणून मीच आईच्या खाटेजवळच्या प्लगला डासांचं लिक्विड लावलं होतं. आई ओटीवर झोपते. रात्रभर ते लिक्विड चालू, रात्रभर स्किमर चालू, पाईप तेव्हा आतच होता. त्या लिक्विडमध्येसुद्धा त्याच जातीचं औषध असतं, ट्रान्सफ्लुथ्रीन, पुठ्ठ्यावर बारीक अक्षरात लिहिलेलं, चष्मा लावूनही दिसेना, मोबाईलने फोटो काढून मोठा करून वाचलं. म्हणजे तीन मरणांपैकी एक सरकारी धुरानं, एक माझ्या लिक्विडनं, आणि सगळ्यात मोठं माझ्या पाईपनं. काकांची चूक यात शून्य.

तरी नुसत्या तर्कावर विश्वास नको म्हणून जानेवारीत दोन वीस लिटरच्या बरण्या केल्या, दोन्हींत टाकीचंच पाणी, ओहोटीला कातळावरच्या डबक्यातून पकडलेल्या बारक्या कोळंब्या पाच-पाच. एकीच्या हवेच्या पंपाची नळी मागच्या खिडकीबाहेर, दुसरीची नळी कोळशाच्या डब्यातून, म्हणजे ॲक्टिव्हेटेड कार्बन भरलेला प्लास्टिकचा डबा. काकांच्या पुढच्या फवारणीला पहिल्या बरणीतल्या चार मेल्या, दुसरीतली एकही नाही. दोन बरण्या म्हणजे शास्त्र नव्हे, मलाही कळतं. रत्नागिरीला शिरगावच्या मत्स्य महाविद्यालयात कुणी हे नीट वीस बरण्यांत करून बघेल तर मी पाणी आणि मोटरी फुकट देईन.

काकांना जाऊन सांगितलं. मला वाटलं भांडण होणार, ते हसलेच. म्हणाले, "अरे मग सांगायचं नाय आधी? मी एक फोन केला असता." वर त्यांचंही ऐकलं तासभर. फुलकिडे आता काही केल्या आवरत नाहीत, फवारण्यांची संख्या वाढत चालली, औषधाचे भाव, मजुरी, त्यात अवकाळी पाऊस आला की मारलेलं सगळं धुऊन जातं आणि परत मारा. मोहोर पूर्ण फुललेला असताना ते स्वतः मारत नाहीत, कारण परागीभवन करणाऱ्या माश्या मेल्या तर फळच धरत नाही, हे त्यांना माझ्यापेक्षा चांगलं कळतं. आता ते आदल्या रात्री फोन करतात, मी पाईप आत ओढतो, तोंडाला बूच मारतो, मागची खिडकी लावतो. पाच मिनिटांचं काम. फेब्रुवारीपासून एक जनावर मेलेलं नाही. लिक्विड काढलं, आईला मच्छरदाणी लावली, ती म्हणते तुझ्या सुंगटांपायी माका जाळ्यात घातलंस.

आता ती मागणी.

तुम्ही रोज पान दोनवर भरती-ओहोटीच्या वेळा छापता. आमची आई अजून त्या बघून मुळे, म्हणजे शिंपल्या, काढायला जाते. वीज दुरुस्तीसाठी बंद राहणार असेल तर ती सूचनाही छापता, आणि ती माझ्यासारख्याला फार कामाची, कारण मे महिन्यात टाकीचं पाणी तिसाच्या वर गेलं की त्यात मुळातच प्राणवायू कमी मावतो, २५ अंशाला लिटरमागे ६.७ मिलिग्रॅमच्या आसपास तर ३० ला ६.२, त्यात लाईट गेली की तासा-दीड तासात मासे वर येतात, आणि पंखा लावून पाणी गार करावं म्हटलं तर आपल्या दमट हवेत पाणी वाफ व्हायलाच तयार नाही. आधी कळलं की मी बॅटरीचा हवेचा पंप चार्ज करून ठेवतो. तसंच गावात धुरळणी कधी, कुठल्या वाडीत, कुठलं औषध, एवढ्या तीन गोष्टी आदल्या दिवशी छापा. ज्यांच्याकडून धुरळणी होते त्यांनी तुम्हाला कळवायला पाहिजे, तुम्ही मागा त्यांच्याकडे, पेपरवाल्यानं मागितलं तर देतील, आम्ही मागितलं तर वरून आलं म्हणतात. बागायतदारांना रोज कळवा म्हणता येणार नाही ते मान्य, वाऱ्या-पावसाचा भरवसा नसतो, पण मोठ्या बागांच्या ठेकेदारांना तरी सांगता येईल की वाडीत एक फोन टाका.

हे फक्त माझ्या हौसेसाठी मागतोय असं कुणी म्हणेल. आमच्या वाडीत एकानं मधपेट्या ठेवल्यात, त्याला आदल्या दिवशी कळलं तर तो पेट्या झाकेल. खाडीला व्हेनामी कोळंबीची तळी आहेत, त्यांचे लाखो रुपये त्याच सांधेवाल्या पायांवर चाललेत. बायका अंगणात सुकट घालतात, विहिरी उघड्या आहेत, समोरच्या आजोबांना दमा आहे, ते धुराचा आवाज आला की तोंडावर पंचा धरून न्हाणीघरात जाऊन बसतात. आणि खरं सांगायचं तर त्या धुरानं उडते डास मरतात, टायरीत, नारळाच्या करवंटीत, कलमांच्या कुंडीखालच्या ताटलीत वळवळणाऱ्या अळ्या तशाच राहतात, आठ दिवसांत परत डास. आठवड्यातून एक दिवस सगळी भांडी पालथी घातली तर मशीन कमी वेळा आणावं लागेल, पण मशीन आलं की काहीतरी केल्यासारखं दिसतं. असो, तो विषय वेगळा, त्यावर पाहिजे तर दुसरं पत्र लिहीन.

टाकी ठेवणारे आपल्या भागात आता बरेच झालेत, देवगड, कणकवली, रत्नागिरी, चिपळूण, बहुतेक तरुण पोरं. कोळंबी मेली की दुकानदाराला शिव्या देतात, दर आठवड्याला निम्मं पाणी बदलतात, नवीन नवीन औषधं ओततात. त्यांच्यासाठी एवढंच, पोरांनो, कोळंबी खेकडा मेला आणि गोगलगाय जिवंत असेल तर टेस्ट किट ठेवून द्या आणि खोलीत वास घ्या. काल झुरळांचा स्प्रे मारला का, कुत्र्याला गोचिडाचं औषध लावून त्याच हाताने टाकीत हात घातला का, प्लगला काय लावलंय. आणि ताबडतोब सम्पमध्ये ताजा कार्बन, भरपूर.

गणपती आले, म्हणजे धुराचं मशीन पण येईल. या वेळी आदल्या दिवशी पेपरात दोन ओळी दिसल्या तर मी आधीच पाईपला बूच मारून ठेवीन, नवीन दोन क्लीनर श्रिंप मागवल्यात, बुधवारी रात्रीच्या गाडीने थर्माकोलच्या खोक्यातून येतायत. गोबीसाठी पिस्तूल कोळंबी अजून मिळाली नाही, कुणाकडे असेल तर दुकानावर यावे, कांडी एसटी स्टँडमागे कुणीही दाखवेल. कांडी नव्हे दुकान, सॉरी, पेनाने लिहिलंय, खोडत नाही.

आपला नियमित वाचक,
एक टाकीवाला, तालुका देवगड
(नाव छापू नये, आई वाचते.)